मधली रेघ

राजेश्वरी : तसं नव्हे हो. पुसली मीच, पण पुसायची म्हणून नाही पुसली. सडा टाकला आणि ती गेली.

अंगद : काकू, जरा थांबा. इतका वेळ मला वाटत होतं तुम्ही नळाच्या लाईनीचं सांगताय. म्हणून तर मघाशी पाणीपुरवठ्याचं टेबल दाखवलं. आता पहिल्यापासून सांगा. कुठली रेघ?

राजेश्वरी : तुम्हीच मारलेली. मागच्या बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, वेशीमागच्या गल्लीत. तुम्ही टेप धरली होती आणि एक टोपीवाले गृहस्थ चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन मागे मागे सरत होते.

अंगद : ती होय. काँक्रीट रस्त्याची मधली रेघ. तिच्या दोन्ही अंगाला सहा-सहा फूट रस्ता. ती पुसली तुम्ही?

राजेश्वरी : सगळी नाही. माझ्या दारापुरती. अठरा-वीस फूट असेल.

अंगद : कधी?

राजेश्वरी : गुरुवारी पहाटे. मी साडेचारला उठून सडा टाकते. त्या वेळी अंधारच असतो, आणि आमच्याकडचा खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे. त्याचाही अर्ज दिलाय, पण ते राहू द्या. बादली रिकामी झाली, खराटा फिरवून झाला आणि मग ध्यानात आलं, आपण सरकारची रेघ धुतली.

अंगद : बसा ना, उभ्या का? चहा सांगतो.

राजेश्वरी : नको. आज सोमवार. दिवस मावळेपर्यंत मी काही घेत नाही.

अंगद : पाणी तरी.

राजेश्वरी : पाणी चालतं, घरचं. आणलंय बाटलीत.

अंगद : बरं. आता माझं ऐका. घाबरायचं काहीएक कारण नाही. फक्कीच ती. म्हैस बसली तरी जाते, टँकर गळला तरी जाते. बाजारतळाकडची रेघ तर वरातीतल्या पोरांनी नाचून नाचून घालवली. आम्ही काय करतो, परत मारतो.

राजेश्वरी : तुम्हाला परत मारावी लागली नाही.

अंगद : का बरं?

राजेश्वरी : मी मारली.

अंगद : तुम्ही? कशानं?

राजेश्वरी : रांगोळीनं.

अंगद : थांबा, मी दार लोटून येतो. हां. आता बोला. रांगोळीनं म्हणजे नुसती सरळ रेघ मारली, का फुलंबिलं काढली?

राजेश्वरी : सरळ. फुलं कशी काढीन मी सरकारच्या रेघेवर? मला भीती वाटली हो. म्हटलं, उजाडायच्या आत जिथली तिथे असलेली बरी. सुतळी लावली दोन्हीकडे आणि चिमटीनं ओढत गेले.

अंगद : एक मिनिट. फाईलला फोटो आहे. गुरुवारी सकाळी साहेब आणि ठेकेदार येऊन गेले ना, त्यांनी काढलेला. हा बघा. हीच का?

राजेश्वरी : हीच.

अंगद : आयला. माफ करा काकू. मला वाटलं ही माझीच. मी त्या दिवशी रजेवर, सोनईला चुलतभावाचा साखरपुडा होता. तिथं पंगतीत बसलो असताना साहेबांचा ग्रुपवर मेसेज आला, वेशीमागच्या गल्लीची आखणी बघा, बाकीच्यांनी अशी आखत जा. सगळ्यांनी मला अंगठे पाठवले. मी पण हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा झालो. आणि हे दोन्ही टोकांना पिवळं-लाल काय आहे?

राजेश्वरी : हळदीकुंकू. रेघ ओढली की मोकळी सोडायची नाही, अशी सवय आहे हाताला. घातल्यावर कळलं, हे घालायला नको होतं.

अंगद : ठेकेदाराच्या माणसानं ते आमची खूण समजून तिथं खिळे ठोकलेत. मोजमापाच्या पुस्तकात सगळी मापं त्या खिळ्यांपासून लिहिलीत.

राजेश्वरी : म्हणूनच आले मी. उद्या सकाळी तुमचा जेसीबी येणार आहे. केशरमावशींच्या ओट्यावर लाल फुल्या मारल्यात.

अंगद : केशरमावशी कोण?

राजेश्वरी : समोरच्या. केशरबाई. एकट्याच असतात, गोधड्या शिवतात. त्यांचं दार माझ्या दारासमोर, ओटा ओट्यासमोर. गल्ली तिथेच सगळ्यात अरुंद आहे. दोन ओट्यांच्या मध्ये साडेदहा फूट.

अंगद : आणि रस्ता मंजूर आहे बारा फुटांचा. म्हणजे दीड फूट कुणाचा तरी जायचा.

राजेश्वरी : तुम्ही बुधवारी रेघ मारली तेव्हा तो माझ्या ओट्याचा जात होता. तुम्हीच ह्यांना सांगून गेलात. ह्यांनी तेव्हाच टेप लावून पाहिली, रस्त्याची कड तुळशीवृंदावनाला अगदी चिकटून जात होती. आणि गुरुवारी साहेबांनी मोजलं तर मावशींचा जायला लागला. रेघ त्यांच्याकडे सरकली. दीड फूट.

अंगद : तुमच्या हातून सरकली.

राजेश्वरी : हो.

अंगद : चुकून.

राजेश्वरी : तेच तर मला कळत नाही, दादा. चार दिवस झाले, जपाला बसले की माळ हातात थांबते. हात चुकला की मन चुकलं? सुतळी लावताना मी इतकंच म्हणत होते की जिथे होती तिथे येऊ दे. मग ती दीड फुटानं कशी गेली? आणि नेमकी दीड फुटानंच कशी? चुकायचंच होतं तर चार बोटं चुकली असती, माझ्याकडे चुकली असती.

अंगद : पण गुरुवारी साहेब आले तेव्हा तुम्ही घरी होता ना? तिथंच सांगायचं.

राजेश्वरी : गुरुवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं.

अंगद : मौन.

राजेश्वरी : मी दारात आले. दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होते, रेघेकडे बोट दाखवत होते, मग स्वतःकडे. तुमचे साहेब ठेकेदाराला म्हणाले, बघा, नागरिकांचं किती सहकार्य आहे, स्वतः सडा-रांगोळी करून आपलं स्वागत केलंय. आणि मला नमस्कार केला. मग मीही केला.

अंगद : हसू नये, पण हसू येतंय काकू.

राजेश्वरी : हसा. मलाही आलं असतं, पण तेवढ्यात तो माणूस लाल रंगाचा डबा घेऊन समोर गेला.

अंगद : मग बारा वाजल्यावर?

राजेश्वरी : बारा वाजल्यावर घरात ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गप्प बस, आपला ओटा वाचलाय. त्यांना वाटलं, मी तुळशीसाठी केलं. आणि कौतुकानं बघायला लागले माझ्याकडे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवार तसाच गेला. शनिवारी आबासाहेबांकडे गेले.

अंगद : नगरसेवकांकडे. काय म्हणाले?

राजेश्वरी : म्हणाले, ताई, ती सरकारी रेघ आहे, सरकारी माणसाशिवाय कुणाला हलवता येत नाही. म्हटलं, मी हलवली. तर म्हणाले, तुम्ही सरकारी माणूस नाही, म्हणजे ती हललीच नाही. तिथे चार जण बसले होते, ते हसले. मग मलाच शंका यायला लागली की खरंच हलली का. घरी येऊन पुन्हा टेप लावली. हललेली होती.

अंगद : तुळशीचं काय आहे नेमकं? कुंडीत लावून आत नेता येत नाही का? विचारतो फक्त.

राजेश्वरी : येते की. तुळस कुठेही येते. माझा नेम आहे रोजच्या अकरा प्रदक्षिणांचा. संस्कृती, माझी मुलगी, सहा वर्षांची असताना मेंदूच्या तापातून उठली, तेव्हापासून. चौदा वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. ह्यांच्या बहिणीकडे भिंगारला गेले तरी रात्री परत येते, पहाट चुकू नये म्हणून. वृंदावन ओट्यात पक्कं बांधलेलं आहे, हलत नाही. आत्ताच भिंतीच्या अंगानं आडवं होऊन फिरावं लागतं. दीड फूट गेला तर फिरायला जागा राहत नाही.

अंगद : आणि केशरबाईंचा गेला तर?

राजेश्वरी : त्यांचा ओटा अडीच फुटांचा. त्यातले दीड गेले तर पायऱ्याच जातात. दार जमिनीपासून कमरेइतकं वर आहे. गुडघे हे असे. घरातून खाली उतरणार कशा? आणि गोधडी पसरायला आत जागा कुठे आहे, एवढीशी खोली. त्या दिवसभर ओट्यावरच असतात. मी सकाळी दार उघडलं की समोर त्या, दोऱ्याला गाठ मारत.

अंगद : त्या काय म्हणाल्या?

राजेश्वरी : लाल फुलीवर गोधडी टाकून बसल्या. शनिवारी मला विचारलं, आज उपास का, भगर झाली जास्त, देऊ का थोडी. मी घेतली.

अंगद : बरं. आता बघा काकू. साहेब नगरला मीटिंगला गेलेत. काम थांबवायचं तर मला आज सहाच्या आत कागद पाहिजे. आवक नंबर पडला की मी ठेकेदाराला फोन करून सांगू शकतो, फेरमोजणी होईपर्यंत हात लावू नका. तोंडी सांगितलेलं तो ऐकत नाही.

राजेश्वरी : कागद मी देते.

अंगद : पण मला आधी कळू द्या, फेरमोजणीत रेघ कुठं धरायची. नकाशा काढतो. हे बघा. इथं लिहिलंय, विद्युत खांबापासून सहा फूट. खांब केशरबाईंच्या ओट्याला लागून आहे. मी बुधवारी तिथूनच सहा फूट मोजले.

राजेश्वरी : तो खांब?

अंगद : हां, तो.

राजेश्वरी : तो दिवाळीत हलवलाय. जुना वाकला होता. वीजवाल्यांनी काढला आणि नवा शेजारी रोवला. म्हणूनच तर दिवा बंद आहे, जोडायचा राहिला.

अंगद : शेजारी म्हणजे किती?

राजेश्वरी : हातभर. दीड हात असेल.

अंगद : कुठल्या बाजूला? गल्लीच्या लांबीत सरकवला, का भिंतीकडे, का गल्लीत आला?

राजेश्वरी : मला नाही सांगता येणार. मावशी तेव्हा म्हणत होत्या, खांब अंगावर आला. ह्यांना वाटतं मागे गेला. जुना खड्डा बुजवून वर फरशी टाकलीय.

अंगद : नकाशा आहे दोन वर्षांपूर्वीचा. म्हणजे मी जो खांब धरला तो नकाशातला खांबच न्हाई. म्हणजे माझी रेघ... लई घोळ झाला हा.

राजेश्वरी : म्हणजे तुमचीही चूक होती?

अंगद : चूक होती का न्हाई, हे पण सांगता येत न्हाई. असेल किंवा नसेल. कोण आहे? या, दार उघडंच हाय.

(केशरबाई काठी टेकत आत येतात. दारातच थांबून आधी राजेश्वरीकडे पाहतात.)

केशरबाई : तू हितं हाईस व्हय. मी म्हनलं, सोमवारची पोथी सोडून गेली कुठं.

राजेश्वरी : मावशी, तुम्ही कशाला आलात चालत? या, ह्या खुर्चीवर बसा.

केशरबाई : चालत कुठं, गल्लीतल्या कारभारीच्या टेम्पोत आले. त्यो कांदा उतरवून देवळालीला चाल्ला हुता. हे सायेब का?

अंगद : साहेब नाही आजी, मी क्लार्क. अंगद.

केशरबाई : कुठला रं तू?

अंगद : पाथर्डीचा.

केशरबाई : मंग बरं. माझी थोरली तिकडंच दिलीय. हे बघ लेकरा, माझं एक काम हाय, पर हिच्यादेखत सांगावं का न सांगावं, असं झालंय.

राजेश्वरी : मी बाहेर बसते.

केशरबाई : बस, बस. ऐकलं तरी आता काय. सायेब, ती चुन्याची रेघ हाय ना, ती मी हलीवली.

अंगद : तुम्ही?

केशरबाई : बुधवारी, दिवस कलला तवा. तुमी गेलात, आन् मला कुनीतरी म्हनलं, रेघंपास्नं सा फूट रस्ता. म्हनलं, बघावं. ही काठी साडेतीन फुटाची. एक काठी टाकली, दुसरी टाकायला गेले तर पुरी मावंना, माझ्या वट्यातच घुसती. मला काय, दोन काठ्या सात फूट व्हत्यात हे कुठं कळतंय? मी समजले, आपला वटा जातोय. मंग खराटा घेतला आन् दारापुढची सगळी रेघ हिच्याकडं लोटली. वीतभर. जास्त न्हाई, देवाशप्पत.

राजेश्वरी : माझ्याकडे?

केशरबाई : तुज्याकडं, राजे. मंग रातभर झोप न्हाई. पहाटं उठून बघते तर तू सडा टाकून नवी रेघ घातलेली, आन् ती माझ्याकडं आलेली. मी म्हनलं, झालं. देवानंच ती परत लोटली. मला शिक्षा झाली. म्हनून मी त्या फुलीवर गप बसून ऱ्हायले.

राजेश्वरी : आणि मला भगर दिलीत.

केशरबाई : तुज्या तुळशीकडं रेघ लोटली हुती मी, त्यात भगरीचं काय एवढं.

अंगद : एक मिनिट दोघी थांबा. मी लिहून काढतो, मला डोक्यात धरता येत न्हाई. बुधवारी तीनला मी रेघ मारली, ती हललेल्या खांबापासनं. संध्याकाळी आजींनी ती वीतभर काकूंकडं लोटली. पहाटे काकूंनी ती धुतली आणि दुसरी मारली, ती आजींकडं दीड फूट. पण कशापासनं दीड फूट? माझ्या रेघेपासनं, का आजींच्या? काकू, तुमच्या घरात बुधवारी टेप लावली ती कधी?

राजेश्वरी : तुम्ही गेल्या गेल्या.

अंगद : म्हणजे माझ्या रेघेपासनं. आणि नकाशातली रेघ तिसरीच कुठंतरी. ती कुणीच मारली न्हाई.

केशरबाई : मंग खरी कंची?

अंगद : ते मला विचारू नका, आजी. मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली.

केशरबाई : मंग हिची काय चूक हाय? हिनं जी पुसली ती माझी लबाडीची रेघ. ती गेली ते बरंच झालं.

अंगद : ते पण खरंय. काकू, हे बघा, तुम्ही पुसली ती मुळात रेघच नव्हती. तुम्हाला काय व्हायचं कारण न्हाई. मी काय करतो, आखणी पुसली गेली, फेरमोजणी व्हावी, एवढाच अर्ज घेतो. कारणाच्या रकान्यात घालतो, मोकाट जनावरांमुळे. महिन्याला असे चार कागद जातात.

केशरबाई : घाल. म्हशीचं नाव घाल. तिला कुनी इचारायला जात न्हाई.

राजेश्वरी : तसं चालेल?

अंगद : चालतं. म्हणजे चालायला पाहिजे. थांबा, फोटो. साहेब फोटो उघडतील. फोटोत रेघ धड आहे, खिळे आहेत. ते म्हणतील, म्हशीनं पुसली तर ही कुठली?

केशरबाई : म्हनावं, नंतर परत मारली.

अंगद : मग ते विचारतील, परत मारली ती जुन्या जागेवर ना? जागेवर असेल तर फेरमोजणी कशाला? अर्ज निकाली, जेसीबी चालू. माझ्याच हातनं तसे दोन अर्ज निकाली निघालेत. काम थांबायचं तर फोटोतली रेघ आधीच्या जागेवर नाही, असं कागदावर यायला पाहिजे. आणि तसं लिहून देणाऱ्याला ते ठाऊक पाहिजे. नुसतं वाटतं, असं चालत नाही.

केशरबाई : मी लिवून देते की, मी लोटली म्हनून.

अंगद : तुम्ही लोटली ती तर धुवून गेली, आजी. फोटोत ती न्हाईच. शिवाय तुमचाच ओटा जातोय, म्हटल्यावर तुम्ही सांगणारच, असं साहेब म्हणतील. सांगायला पाहिजे काकूंनी. ज्याचा ओटा वाचलाय त्यानं.

राजेश्वरी : अर्ज कुठल्या नावानं करायचा?

अंगद : मुख्याधिकारी. हा छापील नमुना आहे. पण काकू, नीट विचार करा. आखणीत फेरफार केला असं तुमच्याच सहीनं आलं, तर तुम्हाला नोटीस निघू शकते. सरकारी कामात अडथळा म्हणतात त्याला. बहुतेक काही होत न्हाई, पण मी तुम्हाला न्हाई म्हणून सांगू शकत न्हाई. आणि फेरमोजणीत काय निघेल, देव जाणे. तुमचाच सगळा दीड फूट जाईल. दोघींचा अर्धा अर्धा जाईल. कदाचित खांबाच्या हिशोबानं आणखी जास्त जाईल.

केशरबाई : राजे, उठ. घरी चल. माझं काय, लाकडी शिडी लावीन दाराला. न्हाईतर बसंन आतच. सत्तर उलटली, आता बाहीर काय बगायचं ऱ्हायलंय?

राजेश्वरी : शिडीवरून तुम्ही उतराल? त्या गुडघ्यांनी?

केशरबाई : उतरंन. तू हात दिलास तर उतरंन.

राजेश्वरी : मावशी, मी तुम्हाला रोज हात देईन. त्यासाठी ओटा कशाला पाडायचा?

केशरबाई : आन् तुजा नेम? चौदा वरसं मी बघत आलेय. तुजं फिरनं झालं की मी सुई वढते. अकरावी फेरी झाली की मला कळतं, आता पाच वाजले. त्यो मोडलास तर पोरीला काय झालं-बिलं, मंग? मला न्हाई तसलं पाप पाहिजे.

राजेश्वरी : माझ्या नेमाचं पाप तुम्हाला कसं लागेल?

केशरबाई : लागतं. मला काय म्हाईत कसं लागतं, पर लागतं.

अंगद : काकू, सव्वापाच झालेत. आवकच्या बाई पावणेसहाला कुलूप लावतात. काय करू?

राजेश्वरी : लिहा. सरकारी भाषा मला येत नाही. तुम्ही लिहा, मी सही करते.

अंगद : बरं. अर्जदार, राजेश्वरी बजरंग...

राजेश्वरी : बजरंग शेटे. वेशीमागची गल्ली, प्रभाग सहा.

अंगद : विषय, रस्त्याची आखणी बदलल्याने फेरमोजणी होणेबाबत. मजकूर तोच छापील आहे. तारीख. आता कारण. इथं मी लिहितो, पहाटे अंधार असल्याने व खांबावरील दिवा बंद असल्याने अर्जदाराकडून अनवधानाने रेषा वेगळ्या जागी ओढली गेली. दिवा बंद आहे हे खरंच आहे, तुमचा जुना अर्ज जोडतो. नोटिशीचं पण बघता येईल मग. चालेल?

केशरबाई : चालंल. लई झ्याक लिवलंस लेकरा.

राजेश्वरी : अनवधानाने म्हणजे साहेब काय समजतील?

अंगद : नजरचुकीनं. तुम्हाला दिसली नाही, म्हणून हात तिकडं गेला.

राजेश्वरी : म्हणजे मी जी ओढली ती कदाचित जागेवरही असू शकेल, असंही म्हणतील.

अंगद : तसं कुणी खुसपट काढलंच तर म्हणू शकतील. म्हणजे साहेब म्हणतीलच. ठेकेदार त्यांच्या मागंच असतो.

राजेश्वरी : मग उद्या जेसीबी येईल.

अंगद : उद्या न्हाई तर परवा.

राजेश्वरी : ते खोडा, दादा.

अंगद : खोडलं. दुसरं काय घालू? रिकामं ठेवता येत न्हाई, परत येतो कागद.

केशरबाई : राजे, कशाला इचार करती एवढा? अंधार हुता, दिसलं न्हाई. माझ्या खिडकीतनं मी बघितलं ना. मिट्ट हुतं.

राजेश्वरी : तुमच्या खिडकीतून मिट्ट होतं, मावशी. सडा वाळत आला होता, आणि धुतलेल्या रेघेचा पांढरा माग जमिनीवर राहिला होता. लिहा, तुळशीपुढचा दिवा मी उचलून ओट्याच्या कडेला आणून ठेवला होता. मला जुनी रेघ दिसत होती.